पाखरांचं स्वातंत्र्य आणि रिगाचा तट

रिगात शिकायला गेलो तेव्हा पहिली खोली घेतली ती मॉस्को उपनगरात. कारण एकच, भाडं कमी. वर्गातल्या एका स्थानिक मुलाला पत्ता सांगितला तर त्याच्या भुवया वर गेल्या. "तिकडे? रात्री उशिरा फिरू नकोस." मला हसू आलं. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मुंबईत वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा असाच होतो. हजारो किलोमीटर लांब जाऊनही आपण बरोब्बर त्याच ठिकाणी येऊन पडलो, असं त्या दिवशी वाटलं.

नंतर कळलं की ते वाटणं अर्धंच खरं होतं. अर्धं का, तेच या लेखात सांगायचं आहे.

रिगा ही लाटव्हियाची राजधानी. दौगावा नदी बाल्टिक समुद्राच्या खाडीला मिळते त्या मुखापाशी वसलेली. पर्यटक हे शहर जुन्या गावातून बघतात. दगडी गल्ल्या, चर्चचे मनोरे, फोटो, कॉफी, परत. मी ते तटाच्या बाहेरून बघितलं. 'गावकुसाबाहेर' या शब्दात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना बाहेरून बघणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

तटाच्या आत कोण?

रिगाची स्थापना १२०१ साली झाली, असं प्रत्येक माहितीफलक सांगतो. स्थापना करणारा अल्बर्ट नावाचा जर्मन बिशप. पण मित्रांनो, रिकाम्या जागेवर कोणी शहर बसवत नाही. नदीकाठी लिव्ह लोक राहत होते, व्यापार करत होते. आजूबाजूला लाटगाली, सेमीगाली, कुरोनी अशा जमाती होत्या. अल्बर्ट आला तो पोपच्या आशीर्वादाने, धर्मयुद्धाच्या नावाखाली. पाठोपाठ तलवारबंद सरदारांचा धर्मसंघ उभा राहिला. बिशप, सरदार आणि व्यापारी असे तिघे वर बसले. तिघांचं आपसांत पटायचं नाही, लढायाही झाल्या. पण खाली कोणाला ठेवायचं याबद्दल तिघांचं एकमत होतं.

१२८२ मध्ये रिगा हान्सा या जर्मन व्यापारी शहरांच्या संघात सामील झालं. मेण, फर, ताग, धान्य आणि जहाजाच्या डोलकाठ्यांचं लाकूड नदीवरून यायचं आणि इथून पश्चिमेला जायचं. शहराचा कारभार परिषद आणि दोन संघांच्या हातात. मोठ्या संघात व्यापारी, छोट्या संघात कारागीर. दोन्ही इमारती आजही जुन्या गावात समोरासमोर उभ्या आहेत. चौदाव्या शतकापासून संघांच्या नियमांतून एका माणसाला बाहेर ठेवलं गेलं. त्याचं नाव 'उनडॉइच', म्हणजे जो जर्मन नाही तो.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबलो. ज्यांची जमीन, ज्यांची नदी, त्यांना त्यांचं स्वतःचं नावसुद्धा नाही. ते काय नाहीत, एवढंच त्यांचं नाव. आपल्याला जे नाव दिलं गेलं तेही 'अ'नेच सुरू व्हायचं. नाव देणारा स्वतःला केंद्रात ठेवतो आणि बाकीच्यांची ओळख आपल्यापासूनच्या अंतरावर मोजतो.

उनडॉइच शहरात नव्हते असं नाही. त्यांच्याशिवाय शहर एक दिवस चाललं नसतं. बंदरावरचे हमाल तेच, मिठाची पोती वाहणारे तेच, बिअरची पिंपं ओढणारे तेच, डोलकाठ्यांचं लाकूड पारखून वेगळं करणारे तेच. त्यांच्या कामांचे वेगळे संघही होते. पण मोठ्या व्यापारात शिरायचं नाही, नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मागायचे नाहीत, शहरात मालमत्ता घ्यायची म्हटलं की अडथळे. अठराव्या शतकात यानिस श्टाइनहाउअर नावाचा एक लाटव्हियन लाकूडव्यवसायातून श्रीमंत झाला आणि या बंदीविरुद्ध शहराच्या परिषदेशी वर्षानुवर्षं भांडला. पैसा होता, अक्कल होती, कागद होते. तरी त्याला आधी सिद्ध करावं लागत होतं की तो माणसांच्या यादीत बसतो.

जुन्या गावाच्या चौकात 'ब्लॅकहेड्स'चं घर आहे, रिगातली सर्वांत जास्त फोटो काढली जाणारी इमारत. अविवाहित परदेशी व्यापाऱ्यांची ही बिरादरी होती. मूळ इमारत १९४१ च्या युद्धात उद्ध्वस्त झाली, अवशेष १९४८ मध्ये पाडले, आज दिसते ती १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेली. बिरादरीच्या चिन्हावर एका काळ्या माणसाचं डोकं आहे. तो संत मॉरिशस, आफ्रिकी संत, त्यांचा संरक्षक. म्हणजे भिंतीवर आफ्रिकी संताची पूजा आणि दारात स्थानिक माणसाला मज्जाव! देव्हाऱ्यात कोण आहे यावरून घराचा न्याय करू नये, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

जवळच 'मांजराचं घर' आहे. छतावर पाठ वाकवलेली काळी मांजरं. गाइड दंतकथा सांगतात की एका व्यापाऱ्याला मोठ्या संघाने सभासदत्व नाकारलं, म्हणून त्याने मांजरांची शेपटीकडची बाजू संघाच्या इमारतीकडे करून बसवली. लोक हसतात, फोटो काढतात. एका व्यापाऱ्याच्या रुसव्याची गोष्ट अख्खं जग ऐकतं. पण शेकडो वर्षं एक अख्खा समाज त्याच दारातून परत पाठवला जात होता, ती गोष्ट मला कोणत्याही गाइडने सांगितली नाही. ती ग्रंथालयात बसून वाचावी लागली.

जाळण्यासाठी बांधलेली घरं

आता तटाच्या बाहेर या, माझ्या वस्तीत. मॉस्को उपनगरात आजही जुनी लाकडी घरं दिसतात. रंग उडालेली, कलती झालेली. आधी वाटलं, गरिबी म्हणून लाकूड. मग खरं कारण कळलं. तटाबाहेर दगडविटांचं बांधकाम करायला मनाई होती. शत्रू आला तर तटावरच्या तोफांना समोरचं मैदान मोकळं हवं. म्हणून बाहेरची घरं अशी हवीत की वेळ आली की पेटवून देता येतील.

आणि ती पेटवलीही. १८१२ साली नेपोलियनचं सैन्य येत असल्याच्या भीतीने रशियन गव्हर्नरने उपनगरं जाळण्याचा हुकूम दिला. शेकडो घरं राख झाली. शत्रू रिगाच्या तटापर्यंत आलाच नाही. आत दगडी घरं सुरक्षित राहिली, बाहेरच्या हजारो लोकांचा संसार एका अफवेत गेला.

शहराचं नियोजन म्हणजे काय, याची याहून स्पष्ट व्याख्या मला माहीत नाही. कोणाचं घर टिकण्यासाठी आहे आणि कोणाचं जळण्यासाठी, हे आग लागण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

पाखरांचं स्वातंत्र्य

रिगा समजायचं तर रिगाच्या भोवतालचा प्रदेश समजला पाहिजे. उत्तरेला आणि पूर्वेला विद्झेमे, दक्षिणेला झेमगाले, पश्चिमेला कुर्झेमे, रशियाच्या सीमेकडे लाटगाले. सत्ता बदलत गेली. पोलंड आला, १६२१ मध्ये स्वीडन आला, १७१० मध्ये रशियाचा झार आला. राजे बदलले, पण गावातला जर्मन जमीनदार बदलला नाही. त्याच्या वाड्याभोवती शेकडो लाटव्हियन कुटुंबं भूदास म्हणून बांधलेली. आठवड्यातले ठरावीक दिवस त्याच्या शेतावर फुकट राबायचं. याला ते 'क्लाउशास' म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द आहे, वेठ. माणसं विकलीही जायची. १७९६ मध्ये गार्लिब मेर्केल नावाच्या तरुणाने 'लाटव्हियन लोक' या विषयावर पुस्तक लिहून हे सगळं चव्हाट्यावर आणलं. तो स्वतः जर्मन पाद्र्याचा मुलगा. आपल्याच वर्गाविरुद्ध लिहिलं, म्हणून त्याचं नाव आज रिगातल्या एका मुख्य रस्त्याला आहे.

भूदासगिरी कुर्झेमेत १८१७ मध्ये आणि विद्झेमेत १८१९ मध्ये रद्द झाली. रशियाच्या बहुतेक भागात ती १८६१ मध्ये रद्द झाली, म्हणजे हे चाळीस वर्षं पुढे. ऐकायला किती छान! पण कायद्यात एक गोम होती. माणूस मोकळा झाला, जमीन मात्र सगळी जमीनदाराची राहिली. झोपडी त्याची, शेत त्याचं, जंगल त्याचं. राहायचं असेल तर करार करा, आणि भाडं म्हणून पुन्हा वेठच करा. सोडून शहरात जायचं म्हटलं तर तेही सुरुवातीला मोकळं नव्हतं. ती वाट खऱ्या अर्थाने १८६३ च्या पासपोर्ट नियमांनंतर उघडली.

या मुक्तीला लाटव्हियन लोकांनी नाव ठेवलं 'पुत्नू ब्रीवीबा', पाखरांचं स्वातंत्र्य. पाखरू मोकळं असतं, पण ज्या फांदीवर बसतं ती त्याची नसते.

हे वाचलं त्या रात्री मला आजोबा आठवले. आम्ही रत्नागिरीकडचे. आजोबा खोताच्या जमिनीवर कसायचे. पिकातला अर्धा वाटा खोताला, वर घरकाम, वर पालखी-लाकडं, वर नजराणे. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. त्या मोर्च्यात महार होते तसे कुणबीही होते. बाबासाहेबांनी भाषणस्वातंत्र्याइकंच जमिनीबद्दल का बोललं, हे लहानपणी पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. ते कळायला मला बर्फात बसून दुसऱ्या कुणाच्या इतिहासातलं पाखरू बघावं लागलं.

आणखी एक गोष्ट. भूदास असताना या लोकांना आडनावं नव्हती. मुक्ती झाल्यावर, १८२० आणि १८३० च्या दशकांत, सरकारी नोंदीसाठी सगळ्यांना आडनावं दिली गेली. म्हणून आज रिगात टपालपेट्यांवर जी नावं दिसतात त्यांचे अर्थ बघा. बेर्झिन्श म्हणजे छोटं बर्च झाड, काल्निन्श म्हणजे टेकडी, ओझोलिन्श म्हणजे छोटा ओक, बालोदिस म्हणजे पारवा. झाडं, टेकड्या, पाखरं. जमीन दिली नाही, जमिनीवरच्या वस्तूंची नावं दिली.

दारावरची पाटी

आडनावाचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही सापडतं आणि आमच्यातही. खोलीवर आम्ही तिघं होतो. त्यातला एक पुण्याचा. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही शहाण्णव कुळी का?" मी म्हणालो, "आम्ही कोकणातले." प्रश्न एक, उत्तर दुसरं. तो समजला ते समजला, मी त्याला समजू दिलं. भारतात असतो तर कदाचित बोललो असतो. परदेशात मराठी बोलायला एकच माणूस, तोही जाईल ही भीती. चळवळीत दहा वर्षं भाषणं केलेला मी स्वयंपाकघरात गप्प बसलो.

मग क्रिश्यानिस वाल्देमार्स भेटला. म्हणजे पुस्तकात. रिगातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यांपैकी एकाला त्याचं नाव आहे. शेतकऱ्याचा मुलगा, १८५४ मध्ये तार्तू विद्यापीठात शिकायला गेला. त्या काळी लाटव्हियन माणूस शिकला की तो जर्मन व्हायचा. भाषा बदलायची, कपडे बदलायचे, नावाला जर्मन शेपूट लावायचं आणि आईबापांच्या भाषेत बोलायला लाजायचं. शिकलेला लाटव्हियन ही गोष्टच समाजाला मान्य नव्हती. शिकलास म्हणजे तू आता लाटव्हियन नाहीस. वाल्देमार्सने वसतिगृहातल्या खोलीच्या दारावर आपल्या नावाचं कार्ड लावलं आणि नावापुढे लिहिलं, 'लाटव्हियन'. बस एवढंच. त्या एका शब्दाने खळबळ माजली. पुढे त्याच पिढीतून 'तरुण लाटव्हियन' चळवळ उभी राहिली. १८६८ मध्ये रिगा लाटव्हियन सोसायटी स्थापन झाली, तीही मेर्केलच्या नावाच्या रस्त्यावर. १८७३ मध्ये पहिला गीतमहोत्सव झाला.

गीतं कशाची? शेतात राबणाऱ्यांची. चार-चार ओळींच्या या गाण्यांना 'दाइना' म्हणतात. क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने आयुष्य खर्चून ती गोळा केली. लहान चिठ्ठ्यांवर लिहून, छोट्या छोट्या खणांचं एक कपाट बनवून त्यात लावली. दोन लाखांहून जास्त गाणी. ते कपाट आज दौगावाच्या डाव्या काठावरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलं आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या आमच्या आज्या आठवल्या. ज्यांच्याकडे वाडा नव्हता, किल्ला नव्हता, त्यांनी गाण्याचं कपाट केलं आणि त्याला राष्ट्राचा खजिना म्हटलं. ग्रंथालयाची नवी इमारत झाली तेव्हा, जानेवारी २०१४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत हजारो लोकांनी रांगेत उभं राहून जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं हातोहात नदीपार नेली. पुस्तकासाठी रांगेत उभा राहणारा समाज मला आपला वाटतो.

पण इथे एक सावधगिरी. आपल्यातले काही मित्र जगात कुठेही अन्याय दिसला की 'ही तर जातच' म्हणून मोकळे होतात. उनडॉइच आणि अस्पृश्य एक नव्हेत. तिथे शिवाशिव नव्हती. लाटव्हियन हमालाचा हात लागला म्हणून मीठ विटाळलं नाही. आणि मुख्य फरक म्हणजे लाटव्हियन माणूस जर्मन होऊ शकत होता. भाषा बदलली, एकदोन पिढ्या गेल्या, की वरचं दार किलकिलं व्हायचं. वाल्देमार्सचा लढा त्या किलकिल्या दारातून आत न जाण्याचा होता. आपल्याला तर ते दारच नव्हतं. इंग्रजी शिका, सूट घाला, रिगाला या, तरी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात प्रश्न येतोच. तुलना करायची ती सारखेपणा दाखवायला नाही, फरक नीट मोजायला.

तट पडला, मग काय झालं?

१८५७ पासून रिगाचा तट पाडायला सुरुवात झाली. त्या जागी बागा आणि रुंद रस्ते आले. कारखाने आले, रेल्वे आली आणि गावातून लाटव्हियन मजूर लोंढ्याने आले. १८६७ च्या गणनेत शहरात जर्मन सर्वांत मोठा समाज होता. १८९७ पर्यंत लाटव्हियन पुढे गेले होते. अल्बर्ट रस्त्यावरच्या ज्या नक्षीदार इमारती बघायला जग येतं, त्यांतल्या बऱ्याच मिखाइल आयझेनस्टाइन या वास्तुकाराच्या, 'बॅटलशिप पोटेमकिन' बनवणाऱ्या सेर्गेईच्या वडिलांच्या. त्या याच काळातल्या. समोर चेहरे आणि फुलं, मागच्या अंगणात मजुरांच्या अंधाऱ्या खोल्या.

जानेवारी १९०५ मध्ये दौगावाच्या काठावर मजुरांच्या मोर्चावर सैन्याने गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी गावागावांत जमीनदारांचे शेकडो वाडे पेटले. १९१८ मध्ये लाटव्हिया स्वतंत्र झाला आणि १९२० मध्ये जमीन सुधारणा कायदा केला. जर्मन जमीनदारांच्या अवाढव्य जहागिरी काढून घेतल्या, त्यांच्याकडे साधारण ५० हेक्टर ठेवले, बाकी भूमिहीनांना वाटले. पाखराला फांदी मिळायला शंभर वर्षं लागली. पण मिळाली. नवं राष्ट्र उभं राहिल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यांनी जे केलं, ते आपण पंच्याहत्तर वर्षांत पूर्ण केलेलं नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर छान प्रेरणादायी लेख झाला असता. मी मॉस्को उपनगरात राहत होतो, म्हणून मला ती संपवता येत नाही.

माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर एका जळक्या इमारतीचे अवशेष आहेत. मोठं सिनेगॉग. ४ जुलै १९४१ रोजी, नाझी सैन्य शहरात आल्यावर काही दिवसांतच, ते जाळलं. त्याच उन्हाळ्यात माझ्या वस्तीभोवती काटेरी तारांचं कुंपण पडायला लागलं आणि ऑक्टोबरमध्ये ते बंद केलं. आत सुमारे तीस हजार यहुदी माणसं. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत त्यांतल्या बहुतेकांना रुम्बुलाच्या जंगलात चालवत नेऊन मारलं. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं, दोन दिवसांत. हुकूम जर्मन नाझींचा. पण सिनेगॉग जाळण्यात आणि घेटोतून माणसं हाकलण्यात व्हिक्टोर्स आरायसच्या हाताखालचे लाटव्हियन तरुण होते, स्थानिक पोलीस होते. ज्यांच्या पणजोबांना कोणी विकलं होतं, ते इतर माणसांना खड्ड्याकडे हाकत होते.

यावर लाटव्हियन मित्राशी बोललो. तो म्हणाला, "आम्हीही बळी होतो." खोटं नाही. १४ जून १९४१ ला, त्याच्या काहीच दिवस आधी, सोव्हिएत सत्तेने पंधरा हजारांवर लोकांना मालगाड्यांत कोंबून पूर्वेला पाठवलं होतं. मार्च १९४९ मध्ये आणखी बेचाळीस हजार. नदीपलीकडे तोर्न्याकाल्न्स स्टेशनवर तसा एक डबा स्मारक म्हणून उभा आहे. मी त्यात डोकावलो आहे. तरी मला मित्राला सांगावं लागलं, की बळी असणं ही हद्दपारी आहे, परवाना नाही.

आणि त्याच शहरात कीप्साला नावाच्या बेटावर झानिस लिप्के राहत होता. गोदीकामगार. घेटोतून रोजच्या कामासाठी माणसं न्यायची आणि परत आणायची हे त्याचं काम. तो मोजणीत घोळ करून माणसं परत आणायचाच नाही. घरामागच्या शेडखाली खड्डा खणून त्यात लपवायचा. बायको योहाना सोबत होती. दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी चाळीसहून जास्त जीव वाचवले. लिप्के पुढारी नव्हता, विद्वान नव्हता. तोही त्याच उनडॉइच हमालांच्या वस्त्यांचा वारस, आणि आरायसही त्याच समाजाचा. एकाच इतिहासातून दोघं निघाले. म्हणजे इतिहास आपोआप कोणाला न्यायी करत नाही. प्रत्येक पिढीला ते पुन्हा ठरवावं लागतं.

घरमालकीण आजी

आमची घरमालकीण सत्तरीची. रशियन बोलणारी. जन्म रिगातला, सगळं आयुष्य रिगात, नवरा रिगाच्या मातीत पुरलेला. तिच्या कागदावर लिहिलं आहे 'नागरिक नसलेली'. पुन्हा तोच नकार!

तिचे आईवडील युद्धानंतर कारखान्यात कामाला आले. सोव्हिएत काळात असे लाखो आले. पुर्व्चिएम्स, इमांता, झोलितूदे इथल्या उंच सिमेंटच्या इमारती वाढत्या शहरासाठीच बांधलेल्या. १९३५ मध्ये देशात लाटव्हियन ७७ टक्के होते, १९८९ मध्ये ५२ टक्क्यांवर आले. आपल्याच घरात पाहुणे होण्याची ही भीती खरी होती. ऑगस्ट १९८९ मध्ये तालिन ते रिगा ते विल्नियस अशी लाखो माणसांची साखळी उभी राहिली. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. पण नागरिकत्व दिलं ते १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. बाकी सुमारे सात लाख लोक 'नागरिक नसलेले' झाले. भाषेची आणि इतिहासाची परीक्षा देऊन नागरिक होता येतं, अनेक जण झालेही. २०२० पासून जन्मलेल्या त्यांच्या मुलांना जन्मतःच नागरिकत्व मिळतं. दार बंद नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण आजीने परीक्षा दिली नाही. म्हणते, "जन्मलेय इथे, परीक्षा कसली?" रिगात राहणारा जर्मन किंवा फ्रेंच माणूस महापालिकेला मत देऊ शकतो, आजी देऊ शकत नाही.

तिचं सगळं म्हणणं मला पटत नाही. सोव्हिएत हद्दपारीचा विषय काढला की ती चहा ओतायला उठते. आपल्या लोकांनी काय केलं हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. तरी मतपेटीबाहेर उभी असलेली ती म्हातारी मला तटाबाहेरची वाटते. तट पाडणं हे एक काम आहे. आपल्या हातात विटा आल्यावर नवा तट न बांधणं हे दुसरं. पहिल्या कामाची गाणी होतात. दुसऱ्याची होत नाहीत, आणि चळवळीत आपण बहुतेक वेळा पहिल्याच कामाचा हिशोब मांडतो. आपल्यातही पोटजात विचारून मुलगी देणारे आहेत, आणि स्टेजवर बायकांना शेवटची पाच मिनिटं देणारे आहेत. मीही त्या स्टेजवर बसलेलो आहे.

एप्रिलमध्ये मी टपालपेटीवर नावाखाली एक ओळ चिकटवली आणि त्या संध्याकाळी पुण्याच्या मुलाला स्वयंपाकघरात सरळ सांगितलं, आम्ही कोण, आजोबा कोण. तो म्हणाला, "अरे, आपण असलं काही मानत नाही." पुढच्या आठवड्यात त्याची भांडी वेगळ्या कप्प्यात गेली. मी विचारलं. म्हणाला, मांसाहाराचा वास लागतो. त्याआधीचे सहा महिने आम्ही एकाच कढईत अंडी केली होती.

आजीने टपालपेटीवरची ओळ बघितली आणि विचारलं, हे काय लिहिलंय? माझ्या मोडक्या रशियनमध्ये जमेल तेवढं सांगितलं. ती थोडा वेळ पेटीकडे बघत राहिली. मग आत जाऊन चिकटपट्टी घेऊन आली आणि कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. म्हणाली, "इथे पावसाचं पाणी येतं. पडेल नाहीतर."